११२जे की ११२व्ही?
‘यामाहा पॅसिफिका ११२जे आणि ११२व्ही म्हणजे एकच इलेक्ट्रिक गिटार, अक्षराचे उगाच जास्त पैसे’ हे मत मला अर्धंच पटलं. बॉडी दोन्हींची आल्डर लाकडाचीच, नेक मेपलचा, पिकअपची (तारांचं कंपन टिपणाऱ्या भागांची) मांडणीही तीच: ब्रिजपाशी (तारा बॉडीवर टेकतात तिथे) हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, आणि पुढे दोन सिंगल कॉइल, म्हणजे एकेका कॉइलचे. लांबून फरक कळणारही नाही.

पण टोनच्या नॉबबद्दल इथे कुणीच बोललं नाही. व्हीचा तो नॉब वर ओढता येतो आणि ओढला की हंबकरची एक कॉइल बंद होते. जाड, भरलेला आवाज एकदम पातळ आणि टणत्कारी होतो. जेमध्ये ही सोय नाही. शिवाय व्हीचे पिकअप अल्निको-५ (अॅल्युमिनियम-निकेल-कोबाल्ट मिश्रधातूच्या) चुंबकांचे, जेचे सिरॅमिकचे. हे डोळ्यांना दिसत नाही. दुकानात खात्री करायची तर नॉब ओढून बघा आणि ब्रिजवर नजर टाका. व्हीच्या सॅडल (ब्रिजवर एकेक तार टेकते ते तुकडे) भरीव ठोकळ्यांच्या, जेच्या वाकवलेल्या पत्र्याच्या. मी व्हीच वाजवतो, क्लीन आवाजात तो नॉब सारखा वापरला जातो. सगळं डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम खरखरीत करणारा इफेक्ट) लावूनच वाजवणार असाल तर मात्र खुशाल जे घ्या, उरलेले पैसे अँपमध्ये (अँप्लिफायरमध्ये) घाला.