मदत हवी आहे: कोरोलाला ब्लॉक हीटर बसवायचा आहे, मेकॅनिक म्हणतो खालच्या पाइपात टाकू (विनिपेग, कॅनडा)

विनिपेगकर_नवा

नमस्कार मंडळी,

नोकरीमुळे यंदा उन्हाळ्यात व्हँकुव्हरहून विनिपेगला मुक्काम हलवला. गाडीही तिकडचीच आणली आहे. २०१२ ची कोरोला, १.८ लिटर पेट्रोल, ऑटोमॅटिक. इथे बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये प्रत्येक गाडीच्या जाळीतून प्लगची एक काळी शेपटी लोंबते आणि प्रत्येक जागेसमोर विजेचा खांब आहे. माझ्याच गाडीला शेपटी नाही. चौकशी केल्यावर कळलं की या भागात विकलेल्या गाड्यांना इंजिन गरम ठेवणारा ब्लॉक हीटर बहुतेक वेळा आधीच बसवून येतो. व्हँकुव्हरला हिवाळा शून्याच्या आसपास घुटमळतो, तिथे कोण बसवतंय!

सध्या पहाटे उणे पंधरा असतं. गाडी सुरू होते, पण पहिले काही सेकंद इंजिन असं काही ओरडतं की शेजाऱ्यांची माफी मागावीशी वाटते. जानेवारीत उणे तीसची तयारी ठेव असं ऑफिसात सगळे सांगतात.

एका मेकॅनिकला दाखवली. तो म्हणाला, रेडिएटरच्या खालच्या रबरी पाइपात बसणारा हीटर टाकू, पाइप कापून मध्ये बसवला की झालं. पार्ट आणि मजुरी मिळून साडेतीनशे डॉलर. पैशाचं एवढं नाही, पण पाइप कापायचा म्हटल्यावर हात आखडतोय. बायको म्हणते त्यापेक्षा रिमोट स्टार्टर बसव, घरात चहा पिता पिता गाडी गरम होईल. कोणी असा हीटर बसवलाय का? खालच्या पाइपातला चांगला की दुसरा काही? आणि हे घरी करण्यासारखं काम आहे का? पुण्यात असताना स्कूटरचा प्लग आणि गाडीचं ऑइल स्वतः बदलत होतो, माझी मजल तेवढीच.

कात्रजकर

इथे काल १२ डिग्री होतं तर आम्ही कानटोप्या काढल्या. तुम्हाला साष्टांग नमस्कार. (धागा वाचतोय, उपयोग शून्य.)

नटबोल्ट

एडमंटनहून लिहितोय, इथेही हीच कथा. मेकॅनिकला हो म्हणण्याआधी एक गोष्ट बघा. बॉनेट उघडा, रेडिएटरचा खालचा पाइप धरा आणि तो इंजिनाला जिथे भेटतो तिथपर्यंत जा. त्या टोकाला थर्मोस्टॅटचं (इंजिन तापल्यावरच कूलंटला वाट देणाऱ्या झडपेचं) घर आहे का?

का विचारतोय ते सांगतो. पाइपातल्या हीटरला पंप नसतो. धातूची एक नळी, आत एलिमेंट, बस्स. गरम झालेलं कूलंट (रेडिएटर आणि इंजिनात फिरणारं पातळ) हलकं होऊन वर चढतं, थंड खाली येतं आणि तेवढ्यावर त्याचं काम चालतं. आता थंड इंजिनात थर्मोस्टॅट बंद असतो. पूर्वी बऱ्याच इंजिनांत तो वर असायचा, कूलंट बाहेर पडण्याच्या वाटेवर. त्यामुळे खालच्या पाइपातून ब्लॉकपर्यंतचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडापर्यंतचा, रस्ता मोकळा मिळायचा. पण आता पुष्कळ इंजिनांत, टोयोटाच्या या १.८ मध्येसुद्धा, थर्मोस्टॅट कूलंट आत येण्याच्या बाजूला, म्हणजे नेमका खालच्या पाइपाच्या तोंडाशी बसवतात. तिथे पाइपात हीटर टाकला की इंजिनाकडचं दार बंद आणि रेडिएटरकडचं सताड उघडं. गरम कूलंट रेडिएटरमध्ये चढणार आणि रेडिएटर आपलं नेहमीचं काम करणार, उष्णता बाहेर फेकायची. रात्रभर बिल भरून तुम्ही पार्किंग लॉट गरम कराल. थोडीफार उष्णता धातूतून झिरपेल इंजिनात, नाही असं नाही, पण त्यासाठी साडेतीनशे डॉलर?

मेकॅनिक वाईट आहे असं म्हणत नाही. जुन्या पिकअप ट्रकवर हाच हीटर उत्तम चालतो, त्याच सवयीने बोलला असेल.

लेहवाले_काका

आमच्या लेहच्या दिवसांत हीटर वगैरे काही नव्हतं. ट्रकवाले पहाटे टाकीखाली आणि इंजिनाखाली स्टोव्ह नाहीतर शेकोटी पेटवायचे. गाडी सुरू व्हायची, कधी कधी जळायचीही. २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ पर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं, तेव्हा कुठे तो प्रकार कमी झाला. तुम्ही विजेवर करताय, बरं करताय.

नटबोल्ट

काका, तुमचा त्रास मुख्यतः डिझेल गोठण्याचा. त्यातलं मेण थंडीत वेगळं होतं आणि फिल्टर तुंबतो. पेट्रोल गाडीला ती भानगड नाही. इथे अडचण घट्ट झालेल्या ऑइलची आणि मरगळलेल्या बॅटरीची. शेकोटीचा उपाय मात्र इथल्या जुन्या शेतकऱ्यांनीही केलेला आहे.

जाता जाता, विनिपेगकर, या हीटरचं एक मूळ तुमच्या अगदी शेजारी आहे. सीमा ओलांडून अमेरिकेत गेलं की तुमच्यापासून एकूण दोन-अडीच तासांवर ग्रँड फोर्क्स लागतं. तिथल्या अँड्र्यू फ्रीमन या वीज सहकारी संस्थेच्या मॅनेजरने सिलिंडर हेडचा एक बोल्ट काढून त्या जागी गरम होणारा बोल्ट बसवला आणि १९४९ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं.

विनिपेगकर_नवा

नटबोल्ट, बघून आलो. बोटं बधिर झाली, पण दिसलं. खालचा पाइप इंजिनाला जिथे भेटतो तिथे नटांनी बसवलेलं एक छोटं घर आहे. म्हणजे पाइपातला हीटर बाद. मग करू काय?

उमेओवाला

स्वीडनच्या उत्तरेकडून दोन शब्द. इकडे नॉर्वेची डेफा आणि स्वीडनची कॅलिक्स या दोन कंपन्यांचा माल चालतो. दोघांकडे प्रत्येक इंजिनासाठी वेगळा हीटर आणि बसवायचं वेगळं पत्रक असतं, 'सगळ्यांना बसेल' असला कारभार नाही. ब्लॉकला योग्य भोक नसेल तर ऑइलच्या तळाला बाहेरून चिकटून बसणारा हीटर देतात. विजेचं व्होल्टेज इकडे २३०, तुमच्याकडे १२०, त्यामुळे इथून मागवायच्या फंदात पडू नका.

इकडची एक सवय मात्र उचलण्यासारखी आहे. रात्रभर कोणी लावून ठेवत नाही, टायमर लावतात. थोडी थंडी असेल तर अर्धा-एक तास, कडाक्याची असेल तर दोन-तीन तास. त्यानंतर जेवढी उष्णता आत जाते तेवढीच बाहेर पडत राहते. आणि त्याच वायरीवर गाडीच्या आत एक छोटा पंख्याचा हीटर असतो, काचेवरचा बर्फ खरवडायचा त्रास वाचतो. बायकोच्या चहाचा प्रश्न सुटला समजा.

नटबोल्ट

पाइपातला बाद झाला तरी तीन वाटा उरतात. ब्लॉकमध्येच बसणारा हीटर, केबिन हीटरच्या पाइपात जोडायचा टाकीसारखा हीटर आणि ऑइलच्या तळाला चिकटवायची सिलिकॉनची गादी.

टाकीवाला ताकदवान असतो, हजार-दीड हजार वॅट. केबिन हीटरचा मार्ग थर्मोस्टॅटला वळसा घालून जातो, त्यामुळे तो तुमच्या इंजिनावर चालेल. पण तो खालच्या पातळीला बसवावा लागतो, तोंड वरच्या दिशेने, नाहीतर पंपवाला घ्यावा लागतो. कोरोलाच्या पुढच्या भागात तेवढी जागा शोधता शोधता म्हातारे व्हाल. गादी दीडशे-दोनशे वॅटची, स्वस्त, ऑइल कोमट ठेवते पण सिलिंडरभोवतीचं कूलंट थंडच राहतं.

माझं मत पहिल्याला. कंपनीच्या शोरूमच्या पार्ट्स काउंटरवर जा, गाडीचा व्हीआयएन (ओळख क्रमांक) द्या आणि या इंजिनाचा ब्लॉक हीटर कोणता ते विचारा. याच घराण्याचं इंजिन असलेल्या प्रियसला ब्लॉकमधल्या कोरड्या भोकात सरकवायचा हीटर येतो. तो कूलंटला शिवतही नाही, त्यामुळे कूलंट काढा, भरा, हवा काढा ही सगळी कटकट वाचते. तुमच्यालाही तसाच निघाला तर लॉटरी.

रेजायनाचा_राजा

वेगळं मत मांडतो. चांगलं ०डब्ल्यू ऑइल (कडक थंडीतही पातळ राहणारं) आणि नवी बॅटरी असेल तर आजची गाडी उणे तीसलाही हीटरशिवाय सुरू होते. माझी होते. ०डब्ल्यूची चाचणी उणे ३५ ला घेतात, ५डब्ल्यूची उणे ३० ला. बॅटरीवर जो सीसीए आकडा (थंडीत ती किती करंट देते तो) असतो तो उणे १८ चा, त्याच्याखाली ती आणखी खचते. आधी या दोन गोष्टी तपासा, मग हीटरवर खर्च करा.

नटबोल्ट

सुरू होते हे मान्य. पण सुरू होणं आणि सुखाने सुरू होणं यात फरक आहे, तुमच्या इंजिनाला विचारा. रिमोट स्टार्टरचंही तेच. तो गोठलेल्या इंजिनालाच चालू करतो, त्याचा पहिला मिनिट तितकाच वाईट जातो. वर पेट्रोल जळतं ते वेगळं. ऑइल आणि बॅटरीबद्दल मात्र राजेसाहेब शंभर टक्के बरोबर.

विनिपेगकर_नवा

लॉटरी लागली! काउंटरवरच्या माणसाने नंबर टाकून तोच कोरडा हीटर काढून दिला, ४०० वॅट, वायरीसकट. मेकॅनिकच्या आकड्यापेक्षा बराच स्वस्त. बॅटरी तपासली, ठीक आहे, ऑइल ०डब्ल्यू-२० आहे. शनिवारी ऑफिसातल्या मित्राच्या गरम गॅरेजमध्ये बसवायचा बेत आहे. काय सांभाळू?

नटबोल्ट

इंजिन पूर्ण थंड असू द्या, ते भोक बहुधा एक्झॉस्टच्या आसपास, हात भाजायच्या जागी असतं. गाडी खालून बघायची असेल तर जॅकवर भिस्त नको, स्टँड लावा.

बसवण्याआधी मल्टीमीटरने प्लगच्या दोन चपट्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा. १२० व्होल्टवर ४०० वॅट म्हणजे साधारण ३६ ओहम यायला हवा. अर्थची पिन आणि बाकी दोन यांच्यात काहीच जोड दिसता कामा नये. हाच आकडा दर हिवाळ्याच्या सुरुवातीला मोजला की हीटर जिवंत आहे का ते घरबसल्या कळतं.

भोक पुसून स्वच्छ करा. हीटरवर उष्णता वाहून नेणारं ग्रीस लावायचं असतं, पाकिटात नसेल तर वेगळं घ्या. ग्रीस टाळू नका! मध्ये हवा राहिली तर उष्णता ब्लॉकमध्ये जात नाही आणि एलिमेंट स्वतःच तापून मरतं. याच कारणासाठी हा किंवा दुसरा कुठलाही ब्लॉक हीटर बाहेर हातात धरून 'चालतो का बघू' म्हणून प्लगला लावू नका. हीटर शेवटपर्यंत आत सरकवा, क्लिप बसली का बघा.

वायर हा खरा वेळखाऊ भाग. एक्झॉस्ट, पट्टा आणि पंखा यांच्यापासून लांबून न्या, जागोजागी प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधा, इंजिन हलतं म्हणून थोडी ढील ठेवा. प्लगचं तोंड जाळीपाशी, टोपीसकट.

कूलंटला हात लागणार नसला तरी त्याची ताकद तपासून घ्या, तपासायचं यंत्र स्वस्तात मिळतं. अर्धं ग्लायकॉल (गोठण रोखणारं रसायन) अर्धं पाणी असेल तर उणे ३५-३७ पर्यंत निभावतं. टोयोटा कॅनडासाठी ५५ टक्क्यांचं सांगते, उणे ४२ साठी. व्हँकुव्हरला कोणी नुसतं पाणी घालून ठेवलं असेल तर आत्ताच कळलेलं बरं, वीज गेली त्या रात्री नव्हे. शुद्ध ग्लायकॉल मात्र ओतू नका, ते उणे तेराच्या आसपासच गोठतं. सांडलं तर लगेच पुसा, चवीला गोड आणि विषारी, कुत्र्या-मांजरांना धोका.

एक्स्टेन्शन वायर बाहेर वापरायची, थंडीत लवचीक राहणारी, तीन पिनांचीच.

विनिपेगकर_नवा

बसला! वायर बांधायलाच दुपार गेली. ओहम ३७ आले. कूलंट उणे चाळीसचं निघालं, म्हणून तसंच ठेवलं. आज पहाटे उणे २८ होतं, चार तास आधी टायमर लावला होता, गाडी व्हँकुव्हरसारखी सुरू झाली आणि केबिन हीटरमधून गरम हवाही लवकर आली. बायको टायमरवर खूश आहे, रिमोट स्टार्टर रद्द.

एकच शंका. मी वायरीत लाइटचं टोक घेतलं आहे, वीज असली की पेटतं. पार्किंगमधून जाता-येता दिसतं की ते काही वेळ पेटलेलं असतं, काही वेळ विझलेलं. खांब खराब आहे की माझं काही सैल आहे?

सेंट_बोनिफेसकर

मी तुमच्याच गावात. काही खराब नाही. इथल्या बऱ्याच बिल्डिंगांचे खांब बाहेरच्या तापमानाप्रमाणे वीज चालू-बंद करतात, बिल वाचवायला. थंडी वाढली की चालू राहायचा वेळ वाढतो. शेजारच्या गाडीचा दिवा तुमच्याबरोबरच विझत असेल तर निश्चिंत राहा. पण अशा खांबावर तुमच्या टायमरचे चार तास म्हणजे प्रत्यक्षात दोनच भरू शकतात. कडाक्याच्या रात्री टायमर थोडा आधीचा लावा. आणि निघताना प्लग काढायचं विसरू नका, नारिंगी वायर फरपटत चाललेल्या गाड्या पोर्टेज अव्हेन्यूवर दर हिवाळ्यात दिसतात.