जिप्सीला २८० अंशांचा कॅम बसवावा का? काम सड्यावरचं आणि घाटातलं

कातळसडा
जिप्सी किंग एमपीएफआय, १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह. हेडच्या कामासाठी इंजिन उघडलंय. टायर २३५/७५ आर१५. काम म्हणजे सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) कलमांतून आंब्याच्या पेट्या खाली आणणं, पावसात चिखलातली चढण, अधूनमधून कुंभार्ली घाट. खाली, म्हणजे कमी आरपीएमला, दम नाही, भरलेली गाडी दुसऱ्या गिअरला चढणीवर मरते. व्हॉल्व्ह उघडणारा दांडा म्हणजे कॅम; २८० अंश ड्युरेशन (व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ), १०८ अंश लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्टच्या लोबच्या, म्हणजे कॅमवरच्या उंचवट्यांच्या, शिखरांमधलं अंतर) असलेला रीग्राउंड, म्हणजे घासून नवा आकार दिलेला, कॅम सुचवलाय. पिस्टन, कॉम्प्रेशन स्टॉकच राहणार. घ्यावा का?

लोबलिफ्ट
नको. कॅम वाईट नसेल, पण तो तुमच्या कामाचा नाही.

या इंजिनाचा कमाल टॉर्क, १०३ न्यूटन मीटर, स्टॉक कॅमवरच ४५०० आरपीएमला येतो. तुमची गाडी मरते १५०० ते २५०० मध्ये. ड्युरेशन वाढवलं की हा टॉर्क आणखी वर सरकतो.

कारण इनटेक व्हॉल्व्ह बंद होण्याच्या वेळेत आहे. इनटेकची कमाल लिफ्ट (व्हॉल्व्ह उघडण्याची उंची) टीडीसीनंतर (पिस्टन सर्वात वर असतो ती जागा) १०८ अंशांवर धरली, तर २८० चा कॅम व्हॉल्व्ह बंद करतो बीडीसीनंतर (पिस्टन सर्वात खाली) ६८ अंशांवर (१०८ + १४० - १८०). २५० चा असेल तर ५३ वर. कमी आरपीएमला पिस्टन वर येताना आत आलेलं मिश्रण उघड्या व्हॉल्व्हमधून परत मॅनिफोल्डमध्ये (हवा आत आणणाऱ्या नळ्यांत) ढकलतो. कागदावरचं कॉम्प्रेशन तेच, प्रत्यक्षात दाबलं जातं कमी. म्हणून असा कॅम वाढवलेल्या कॉम्प्रेशनबरोबरच शोभतो.

ओव्हरलॅप (इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा काळ) ६४ अंश होईल, २५० ला तो ३४ असतो. आयडलिंगला व्हॅक्यूम पडला की ब्रेक बूस्टरची मदत कमी होते, आणि घाट उतरताना भरलेल्या गाडीला तीच हवी. शिवाय मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर व्हॅक्यूम पडलेला पाहून लोड जास्त समजतो, पेट्रोल जादा सोडतो.

आणि दोन कॅमची तुलना करताना ड्युरेशन कितव्या लिफ्टला मोजलंय ते विचारा. जाहिरातीतला आकडा आणि १ मिमी लिफ्टवरचा आकडा यांत ३०-४० अंशांचा फरक सहज असतो.

घाटमाथा_चिपळूण
दादा, आधी टायर बघा. स्टॉक २०५/७० आर१५ चा व्यास ६६८ मिमी, तुमच्या टायरचा ७३३. म्हणजे त्याच वेगाला इंजिन सुमारे ९ टक्के कमी फिरतं. चढणीवर गाडी मरायला एवढंही पुरे. स्टॉक मापाचे टायर घाला, नाहीतर फायनल ड्राइव्हचा (चाकांकडच्या शेवटच्या गिअरचा) रेशो बदला. सड्यावरच्या चढणीला लो रेंज (फोर-व्हीलचा जास्त ओढ देणारा गिअर) वापरायला कचरू नका.

हेड उघडलंच आहे तर जुना कॅम मायक्रोमीटरने मोजा. चारही सिलिंडरच्या इनटेक लोबची उंची एकमेकांशी ताडून बघा, मग एक्झॉस्टची. एखादा लोब ०.१ मिमीहून जास्त खाली असेल तर तो झिजलाय. अशा वेळी स्टॉक मापाचा नवा कॅमच बरा. रीग्राउंडमध्ये लोबचा कडक थर पातळ होतो आणि बेस सर्कल (लोबचा उंचवटा नसलेला गोल भाग) लहान होतं. टॅपेट स्क्रूने क्लिअरन्स जुळवता येतो, पण रॉकरचा (लोबवरून व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीचा) पॅड लोबवर भलत्या जागी टेकतो.

कातळसडा
पटलं. स्टॉक कॅमच टायमिंग बेल्टचा एक दात पुढे घेऊन लावला तर खालचा दम वाढेल, असं एक मेकॅनिक म्हणतो. करावं का?

लोबलिफ्ट
अजिबात नको. एक दात म्हणजे क्रँकचे १५ अंशांच्या घरात. हवे असतात फार तर ४. तेवढ्यासाठी ॲडजस्टेबल पुली लागते आणि डिग्री चकती, डायल गेज लावून मोजावं लागतं. कॅम पुढे घेतला की इनटेक व्हॉल्व्ह लवकर उघडतो आणि पिस्टनच्या जवळ जातो. पिस्टनवर मऊ खेळण्याच्या मातीचा (प्लॅस्टिसिन) गोळा ठेवून, हेड तात्पुरतं आवळून, इंजिन हाताने दोन फेरे फिरवा, मग गोळा कापून जाडी मोजा. इनटेकला २ मिमी, एक्झॉस्टला २.५ मिमीपेक्षा कमी नको. एकच कॅम असल्यामुळे दोन्ही बाजू एकदमच सरकतात, हेही ध्यानात घ्या.

घाटमाथा_चिपळूण
नवा कॅम घेतलात तर बसवेपर्यंत तेलाचा हात फिरवून प्लास्टिकमध्ये बांधून ठेवा. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत कोरड्या लोबवर लगेच गंज धरतो, आणि त्याचे खड्डे रॉकरचा पॅड खातात. बसवताना लोबला मॉली पेस्ट (घर्षण कमी करणारी), वरून तेल. सुरू झालं की आयडलिंगला सोडू नका, २० मिनिटं २००० ते २५०० आरपीएमवर ठेवा, मग तेल आणि फिल्टर बदला. रॉकरचे पॅड खाल्लेले दिसले तर तेही नवे घाला, नाहीतर नवा लोब पहिल्या पावसाळ्यातच जाईल.