नव्या गाडीचे दरवाजे आणि पॅनेल जुळवणे : अनुभव धागा (कोल्हापूर)

धागाकर्ता

मागच्या दरवाजाची फट वर तीन मिमी आणि खाली पाच, कड बॉडीच्या बाहेर आलेली, लॉक लागायला दोनदा आपटावा लागतो. नव्या गाडीत हे सर्रास दिसतं आणि डिलिव्हरीच्या दिवशी हार-पेढ्यांच्या गडबडीत तिकडं कुणाचं लक्ष जात नाही. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या पट्ट्यात ज्यांच्या हाताखालून हे काम रोज जातं असे बरेच जण इथं आहेत. काय मोजता, कुठला बोल्ट सैल करता, काय बिघडतं, हे लिहा. ‘शोरूमला दाखवा’ एवढंच नको.

मोजमापापासून सुरुवात करतो. गाडी सपाट जागी, चारही चाकं एका पातळीत. एक चाक फूटपाथवर असेल तर मोजूच नका. टेपर गेज (फट मोजायची निमुळती पट्टी) नसेल तर ३, ३.५, ४, ४.५ आणि ५ मिमीची ड्रिल बिटं पुरतात. शेपटीची गुळगुळीत बाजू फटीत घालायची, आणि रंग खरचटू नये म्हणून दोन्ही कडांना मास्किंग टेपचा एकेक थर. प्रत्येक उभ्या फटीत वर, मध्ये, खाली मोजून आकडा टेपवरच लिहा. आजच्या गाड्यांत फट साधारण ३ ते ५ मिमी असते. पण फट किती आहे यापेक्षा ती वरपासून खालपर्यंत एकसारखी आहे का, आणि डाव्या-उजव्या बाजूला जुळते का, हे महत्त्वाचं. शेजारची दोन पॅनेल एका पातळीत आहेत का ते बघायला स्टीलची पट्टी आडवी धरा. मागच्या पॅनेलची पुढची कड पुढच्या पॅनेलपेक्षा बाहेर नको, हायवेला वारा तिथंच शिट्टी घालतो.

पाना_१३

पहिल्यांदा स्ट्रायकर काढा, म्हणजे पिलरवरची (बॉडीच्या उभ्या खांबावरची) ती कडी जिच्यात लॉक अडकतं. दरवाजा खाली उतरला असेल तर बंद होताना तो स्ट्रायकरवर चढतो आणि वरून सगळं बरोबर दिसतं. कडी काढली की दरवाजा बिजागऱ्यांवर खरा कुठं उभा आहे ते कळतं. काढायच्या आधी तिच्याभोवती बारीक मार्करनं रेघ मारा. आतली नटाची पट्टी बऱ्याच गाड्यांत सरकती असते, म्हणून एक बोल्ट काढल्यावर टॉर्चनं भोकात बघून मगच दुसऱ्याला हात घाला.

क्रम चुकला की काम दुप्पट. क्वार्टर पॅनेल (मागच्या चाकावरचा बॉडीचा पत्रा) वेल्डिंगचं, ते हलत नाही. त्यामुळं मागचा दरवाजा क्वार्टरला जुळवायचा, पुढचा दरवाजा मागच्याला, मग फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) पुढच्या दरवाजाला, आणि बॉनेट सगळ्यात शेवटी. लोक पुढून सुरू करतात आणि मागं येईपर्यंत सगळी चूक शेवटच्या फटीत गोळा होते.

बहुतेक गाड्यांत बिजागरीचे पिलरकडचे बोल्ट दरवाजा वर-खाली आणि पुढे-मागे नेतात, दरवाजाकडचे आत-बाहेर. भोकं कुठल्या दिशेला लांबट आहेत ते बघून खात्री करा. काही गाड्यांत बिजागरी पिलरला वेल्ड असते, तिथं एकच बाजू हातात राहते. बोल्टचं डोकं बहुधा १२ किंवा १३ मिमीचं, नाहीतर स्टार बिट. पुढच्या दरवाजाच्या पिलरकडच्या बोल्टपर्यंत बऱ्याच गाड्यांत फेंडर सोडवल्याशिवाय पाना पोचत नाही.

दोन माणसं हवीतच. स्टॉपरचा (दरवाजा ठराविक जागेपुढं उघडू न देणाऱ्या पट्टीचा) बोल्ट काढला की दरवाजाला अडवणारं काही उरत नाही, वाऱ्यानं सुद्धा तो फेंडरवर जाऊन आदळतो. दरवाजाखाली जॅक, त्यावर लाकडी ठोकळा आणि जुनी चादर. एका वेळी एकाच बिजागरीचे बोल्ट सैल करायचे, तेही हातानं ढकलल्यावर सरकेल पण स्वतःच्या वजनानं बसणार नाही इतकेच.

हिशोब असा : दोन बिजागऱ्यांत ४० सेंमी अंतर आणि बिजागरीपासून मागची कड १०० सेंमी असेल, तर बिजागरीवर १ मिमी म्हणजे मागं अडीच मिमी. मागची कड २ मिमी खाली असेल तर वरची बिजागरी पाऊण मिमी पुढं सरकवली तरी बास. पण तेवढीच पुढची वरची फट कमी होते. ती आधीच अरुंद असेल तर वरच्याला हात लावू नका, खालची बिजागरी मागं घ्या. आत-बाहेरचं तिरकं चालतं : वरची बिजागरी आत घेतली की खालचा मागचा कोपरा बाहेर येतो.

बोल्ट आवळताना बिजागरी फिरते. आलटून-पालटून आवळा, शेवटी मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क पाना लावा, आणि आवळून झाल्यावर परत मोजा. बिजागरीत लाकूड अडकवून दरवाजा दाबायची जुनी पद्धत नव्या गाडीला कुणालाही करू देऊ नका. पिलरपाशी रंग तडकतो आणि बिजागरीवर कायमचा ताण बसतो.

भावड्या_बावडा

पाना१३ दादा, दरवाजा जुळला पण आपटावाच लागतोय, मग?

पाना_१३

मग स्ट्रायकर. कडी अर्धा मिमी बाहेर घ्या आणि बघा. त्याआधी हँडल ओढून धरून दरवाजा हळू लावा. लागताना वर उचलला गेला तर कडी उंच आहे, खाली दबला तर कडी खाली आहे. स्ट्रायकर आत-बाहेरसाठी आणि लॉकशी उंची जुळवण्यासाठी. दरवाजा उचलून धरायला त्याचा वापर केला की लॉक झिजतं आणि खडबडीत रस्त्याला कटकट आवाज सुरू होतो.

रंगघर

बोल्टची डोकी नीट बघा. कारखान्यात दरवाजे बॉडीवर लावूनच रंगात जातात, म्हणून बिजागरीच्या बोल्टवर बॉडीचाच रंग असतो. कडेला रंग तुटला असेल तर पाना लागलेला आहे. मात्र रंगानंतर जोडणीच्या लाईनवर दरवाजा पुन्हा काढता यावा म्हणून बऱ्याच गाड्यांत प्रत्येक बिजागरीला एक वेगळा बोल्ट किंवा नट असतो. तो बिनरंगाचा दिसला तर घाबरू नका. शंका असेल तर रंगाची जाडी मोजून घ्या. कंपनीचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन, एकाच दरवाजावर २५० च्या पुढं आकडा गेला तर तो परत रंगवलाय.

आणि बोल्ट हलवल्यावर उघड्या पडलेल्या कडेला टच-अप आणि वर वॅक्स, त्याच दिवशी. आपल्याकडचा पाऊस, त्यात गगनबावड्याकडं जाणं-येणं असेल तर पहिल्याच पावसाळ्यात तिथून तांबेरा उतरतो.

क्लिपवाला

आतलं डोअर पॅनेल कडेला उचललेलं असेल तर ढकलून बसवू नका. क्लिप भोकात सरळ गेलेली नसते, दाबल्यावर ती मोडते आणि कचकच कायमची. हँडलच्या खाचेत आणि आर्मरेस्टखाली टोपणाआड स्क्रू असतात, ते आधी. मग पॅनेल उचकटायची प्लास्टिकची पट्टी खालच्या कोपऱ्यात, क्लिपच्या अगदी शेजारी घालून ओढा. मोडलेल्या क्लिपा त्याच मापाच्या नव्या घ्या, चार-पाच जास्तीच्याच. बसवताना पॅनेल आधी वर काचेच्या कडेला अडकवायचं, प्रत्येक क्लिप भोकासमोर आलीय का बघायचं, आणि मग तळहातानं एकेक ठोकायची.

काही गाड्यांत दरवाजात साइड एअरबॅगचा दाब ओळखणारा सेन्सर असतो. बॅटरीची निगेटिव्ह काढून मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबल्याशिवाय कनेक्टरला हात नको. आतला प्लास्टिकचा पडदा फाटला तर सेलोटेप चालत नाही. ब्यूटाइलनं (चिकट रबरी सीलंटनं) पूर्ण बंद करा, नाहीतर पाणी केबिनमध्ये येतं आणि सेन्सरचंही गणित चुकतं.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. जॉब कार्डाबद्दल (सर्व्हिसला गाडी देताना तक्रार लिहितात तो कागद) एक : ‘दरवाजा नीट बसत नाही’ असं लिहिलं की स्ट्रायकर हलवून गाडी परत मिळते. त्यापेक्षा ‘डावा मागचा दरवाजा, क्वार्टरकडची फट वर ३ खाली ५ मिमी, कड दीड मिमी बाहेर’ असं लिहून घ्या, फोटो जोडा, सही घ्या. रजिस्ट्रेशनच्या आधी दिसलं तर ताबाच घेऊ नका.

पावसाळी

जुळवल्यावर रबर तपासाच. कागदाची पट्टी बीडिंगवर (दरवाजाच्या चौकटीच्या रबरावर) ठेवून दरवाजा लावा आणि ओढा, दर १५ सेंमीला एकदा. सगळीकडं सारखी अडली पाहिजे. नवं रबर कडक असतं, थोडा जोर लागणं साहजिक आहे. एका जागी मोकळी आणि दुसऱ्या जागी घट्ट लागली तर मात्र दरवाजा अजून पिळलेलाच आहे. मग पाणी : नोझल न लावता साधी पाइप, खालून सुरू करून हळूहळू वर, प्रत्येक जागी दोन-तीन मिनिटं, आत एकजण टॉर्च घेऊन. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडं ओघळतं आणि नेमकं कुठून शिरलं ते सापडत नाही. प्रेशर वॉशर नको, चांगल्या रबरातूनही तो पाणी घुसवतो.