व्याप्त युरोपातली सिनेगॉग: हल्ल्यामागचा हात कसा ओळखायचा?

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या शहरांत सिनेगॉगवर, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळांवर, झालेले हल्ले अनेकदा ‘लोकांचा उद्रेक’ म्हणून खपवले गेले. जुनी कागदपत्रं किंवा जळके अवशेष हाताळणाऱ्यांनी त्यामागचं खरं कसं शोधायचं, ते आपल्या कामातलं नेमकं तेवढं इथे लिहावं.

*

पॅरिसपासून सुरुवात करते. २ ऑक्टोबर १९४१ च्या रात्री सात सिनेगॉगमध्ये स्फोटकं ठेवली गेली. सहा ठिकाणी स्फोट झाले, सातव्या ठिकाणची फुटलीच नाहीत. योम किप्पूर, ज्यूंचा सर्वांत पवित्र उपासाचा दिवस, आदल्याच संध्याकाळी संपला होता. ठेवणारी माणसं फ्रेंच, युजेन देलोंक्ल या अतिउजव्या पुढाऱ्याच्या संघटनेची. स्फोटकं मात्र एसडीने, म्हणजे नाझींच्या गुप्तचर खात्याने पुरवलेली. फ्रेंचांनी आपणहून केलं असं दिसावं, हा बेत. पण फ्रान्समधला जर्मन लष्करप्रमुख ओटो फॉन श्ट्युल्पनागेल याला अंधारात ठेवलं होतं, तो खवळला. अखेर ६ नोव्हेंबरच्या पत्रात एसडीचा वरिष्ठ प्रमुख हायड्रिख याने जबाबदारी कबूल केली. त्यामुळे त्या आठवड्याची वर्तमानपत्रं वाचून थांबू नका, पुढच्या महिन्याभराचा खात्याखात्यांतला पत्रव्यवहार चाळा. दोन खाती भांडली की खरं कागदावर येतं.

*

बेल्जियममधलं अँटवर्प, १४ एप्रिल १९४१, ईस्टरचा सोमवार. आधी रेक्स थिएटरात ज्यूद्वेषी प्रचारपट, मग जमाव, मग ओस्टेनस्ट्राटवरच्या दोन सिनेगॉगना आग. अग्निशमन दलाला जर्मनांनी मध्ये पडू दिलं नाही. आग कोणी लावली याइतकंच, पाणी कोणी अडवलं हेही महत्त्वाचं आहे. नोंदीत दोन्ही हवं.

*

वॉर्सात तर लपवाछपवीही नव्हती. १६ मे १९४३ ला मोठं सिनेगॉग उडवलं, ती वेळ, रात्री सव्वाआठ, तिथल्या ज्यू वस्तीतला उठाव चिरडणारा एसएस (नाझींचं निमलष्करी दल) अधिकारी श्ट्रोप याने आपल्याच अहवालात लिहून ठेवली आहे.

*

जळलेल्या तोरांबद्दल, म्हणजे सिनेगॉगमध्ये वाचल्या जाणाऱ्या ज्यू धर्मग्रंथाच्या हस्तलिखित गुंडाळ्यांबद्दल. सेफेर तोरा (आपल्या कोकणातले बेने इस्रायलही हेच म्हणतात) कातड्यावर लिहिलेली असते. कातडं कागदासारखं भडकत नाही. आचेने आकसतं, कडा वळतात, आतले वेढे एकमेकांना चिकटतात. ते ओढून सोडवू नयेत, शाईसकट थर निघून येतो. ओलं फडकं तर मुळीच नको: भाजलेल्या कातड्याचं जिलेटिन झालेलं असतं, पाणी लागलं की त्याचा चिकटा होतो. तुकडा सापडला तसाच आधी फोटो काढा, मग सपाट पुठ्ठ्यावर उचला. तोरेत ३,०४,८०५ अक्षरं असतात, त्यातलं एक तुटलं तरी दुरुस्तीपर्यंत ती वाचनाला चालत नाही. दुरुस्त न होणारी तोरा मातीच्या भांड्यात ठेवून दफनभूमीत पुरतात. म्हणून संग्रहालयाच्या पेटीत घालण्याआधी तिथल्या ज्यू समाजाला विचारा.