विषय: पुण्यातल्या घराचे नकाशावरील चित्र आणि आपण लावलेले कॅमेरे

प्रेषक: एक सभासद, म्युनिक

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी शेजारणीला एरंडवण्यातले आमचे घर दाखवावे म्हणून मी गूगलच्या नकाशावर ‘स्ट्रीट व्ह्यू’ या सोयीत, म्हणजे रस्त्यावरून टिपलेल्या चित्रांत, आमची गल्ली उघडली, तर फाटकापाशी बाबा उभे. चेहरा यंत्राने पुसट केला होता. पण खांद्यावरचा पंचा, हातातली परडी आणि शेजाऱ्यांच्या जास्वंदीकडे वळलेली मान पाहून मी त्यांना क्षणात ओळखले, आणि गल्लीतले कोणीही ओळखेल. आधी डोळे भरून आले. मग चित्र जरा फिरवले, तेव्हा कुंपणाची बुटकी भिंत दिसली आणि दोरीवर वाळत घातलेली दोन लुगडी आणि एक धोतर दिसले. या घरात दोनच म्हातारी माणसे राहतात, हे सांगायला याहून जास्त काय लागते?

भारतात ही सोय बरीच रखडत आली. २०११ साली बंगळूर पोलिसांनी गूगलचे चित्रण थांबवले, २०१६ साली केंद्र सरकारने सुरक्षेच्या कारणावरून परवानगी नाकारली आणि २०२१ मध्ये नियम बदलून असे चित्रण भारतीय कंपन्यांकडे सोपवल्यानंतर, २७ जुलै २०२२ रोजी ‘स्ट्रीट व्ह्यू’ दहा शहरांत सुरू झाले. त्यांत पुणे आणि नाशिकही होते. या सगळ्या काळात चिंता झाली ती मुख्यतः लष्करी ठिकाणांची. वाळत घातलेल्या लुगड्यांची कोणी केल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.

इथे जर्मनीत २०१० साली चित्रे प्रसिद्ध होण्याआधीच लोकांना हरकत घेता आली आणि सुमारे २,४४,००० कुटुंबांनी आपली घरे पुसट करून घेतली. पुण्यात असे आधी कोणी विचारल्याचे बाबांना आठवत नाही. आता अर्ज करून घर पुसट करून घेता येते, पण एकदा पुसले की ते परत येत नाही, आणि घराबरोबर बाबाही जातील. शिवाय सगळ्या ओळीत एकच घर धुरकट दिसले, तर लक्ष उलट तिथेच जाईल. अर्ज करावा की नाही, याबद्दल कोणाचा अनुभव असल्यास कृपया कळवावे.

आपली,
एक सभासद

---

प्रेषक: माजी सचिव, फ्रँकफुर्ट

प्रिय ताई,

अर्जाचा अनुभव मला नाही, म्हणून त्याबद्दल बोलत नाही. दोरी मात्र आजच परसात बांधायला सांगा.

सार्वजनिक कॅमेऱ्यांना माझा सरसकट विरोध नाही. १३ फेब्रुवारी २०१० रोजी पुण्यातल्या जर्मन बेकरीत स्फोट झाला, त्यानंतर १ ऑगस्ट २०१२ रोजी जंगली महाराज रस्त्यावर साखळी स्फोट झाले; त्या दिवसांत चौकाचौकांत कॅमेरे लावा, अशी मागणी करणाऱ्यांत मीही होतो. मला खटकतात ते त्याहून लहान कॅमेरे. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत फाटकावरचे चित्रण कोणी पाहायचे याचा ठराव कधी झालाच नाही, आणि एका मुलीच्या रात्री साडेबाराला घरी येण्याची चित्रफीत व्हॉट्सॲपच्या गटावर फिरली. चोर सापडला नाही. मुलगी मात्र भाड्याचे घर सोडून गेली.

आता स्वतःविषयी. आई पडल्यानंतर मी तिच्या हॉलमध्ये कॅमेरा बसवला. इथे माझ्या दारावरच्या कॅमेऱ्यात सार्वजनिक पदपथ येऊ नये याची मी काळजी घेतो, शेजाऱ्याने तक्रार केली तर उत्तर द्यावे लागेल म्हणून. पुण्यात आईला सांभाळणाऱ्या मावशींना मात्र एका शब्दाने विचारले नाही. डिसेंबरात गेलो, तेव्हा त्या जेवणाचा डबा घेऊन फ्रिजच्या मागे, मोरीच्या उंबऱ्याशी बसलेल्या दिसल्या. टेबल सोडून इथे का, असे विचारल्यावर म्हणाल्या, “तिथं तुम्ही बघता ना, दादा. घास उतरत नाही.”

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले, तेव्हा आपण सर्वांनी आनंद व्यक्त केला होता. २०२३ च्या विदासंरक्षण (डेटा संरक्षण) कायद्याने मात्र व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेला अशा माहितीचा वापर आपल्या कक्षेबाहेर ठेवला आहे. म्हणजे मला अडवणारे कोणी नाही; मावशींनीही अडवले नाही, कारण पगार मीच देतो.

आपला,
माजी सचिव

---

प्रेषक: एक सभासद, म्युनिक

आदरणीय काका,

आपले पत्र मी बाबांना फोनवर वाचून दाखवले. आमच्याही हॉलमध्ये मीच दोन वर्षांपूर्वी कॅमेरा लावला आहे, हे पहिल्या पत्रात लिहायचे मला सुचलेसुद्धा नव्हते. बाबा म्हणाले, “फाटकावरचा फोटो राहू दे, त्यात मी बरा दिसतो. घरातला तो डोळा तेवढा काढ. दोन वर्षं झाली, धोतर बदलायला न्हाणीघरात जातोय.”

अर्ज तूर्त करत नाही. कॅमेऱ्याची वायर काल आईने स्वतःच उपटली.

आपली,
एक सभासद