‘पाद्री’ या शब्दाच्या अर्थच्छटेविषयी मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या आजोबांची आठवणींची हस्तलिखित वही मी सध्या छपाईसाठी तयार करीत आहे. तीत वारंवार येणाऱ्या ‘पाद्रीसाहेब’ या शब्दावर टीप लिहिताना मी अडलो आहे.

व्युत्पत्ती स्पष्ट आहे. पगार, चावी आणि बटाटा ज्या वाटेने मराठीत आले, त्याच पोर्तुगीज वाटेने ‘पाद्रे’ही आला. त्याचे मूळ लॅटिन ‘पातेर’, म्हणजे पिता. संस्कृत ‘पितृ’ हा त्याचाच भाऊबंद. इटालियन आणि स्पॅनिश भाषांत ‘पाद्रे’ म्हणजे घरचा बापही आणि धर्मगुरूही. पोर्तुगीजांनी मात्र बापासाठी ‘पाय’ हा झिजलेला शब्द ठेवला आणि ‘पाद्रे’ धर्मगुरूंकडे सोपवला. (‘ज्याचे पाय धरावेत तो पाद्री’ अशी फोड एका नातलगांनी मला गंभीरपणे सांगितली होती, पोर्तुगीज ‘पाय’ ठाऊक असता तर त्यांचा विश्वास आणखीच दृढ झाला असता.)

अडचण पुढची आहे. आजोबा अहमदनगर जिल्ह्यातील ज्या मिशन शाळेत शिकले, ती अमेरिकन प्रोटेस्टंटांची. १८३१ पासून नगरमध्ये काम करणाऱ्या या मिशनचा ना पोर्तुगालशी संबंध, ना रोमशी. तरीही तिचे धर्मोपदेशक गावाच्या तोंडी ‘पाद्री’च झाले. हे केवळ गावाचे अज्ञान म्हणता येत नाही, कारण १८८६ सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या, भारतातील इंग्रजांच्या बोलीतल्या शब्दांच्या कोशातही हा शब्द एकट्या कॅथलिकांपुरता ठेवलेला नाही.

मात्र आज कॅथलिक मंडळी ‘फादर’ म्हणतात, तर प्रोटेस्टंट मंडळी ‘रेव्हरंड’ किंवा ‘पाळक’ म्हणतात. ‘पाळक’ हे मेंढपाळ या अर्थाच्या ‘पास्टर’चे नेटके मराठी रूप. ना. वा. टिळक ‘रेव्हरंड’ म्हणूनच ओळखले जातात, आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फ्रान्सिस दिब्रिटो सर्वांसाठी ‘फादर’च होते. त्यांच्यापैकी कुणाला ‘पाद्री’ म्हटले तर निदान माझ्या कानाला ते उणे वाटते. आजोबांनी मात्र तोच शब्द ‘साहेब’ जोडून, उघड आदराने लिहिला आहे.

मूळ शब्द मी बदलणार नाही; प्रश्न टिपेचा आहे. वसईतील किंवा नगरकडील ख्रिस्ती कुटुंबांत वाढलेल्या सदस्यांनी कृपया सांगावे, की आपल्या घरी जुनी माणसे धर्मगुरूंचा उल्लेख ‘पाद्री’ असा करीत असत काय, त्यांच्यासमोरही हा शब्द वापरला जाई काय, की तो बाहेरच्यांच्याच तोंडी असे?