प्रतिसाद: पोलंडमधली लाकडी चर्चेस
वर कुणीतरी म्हटलंय की युरोपात लुथरन लोकांना (मार्टिन लुथरच्या पंथाच्या प्रोटेस्टंट ख्रिश्चनांना) अल्पसंख्य म्हणून कधी राहावंच लागलं नाही, तर त्यांनी पोलंडमधल्या श्विद्नित्साचं शांतता चर्च बघावं. तीस वर्षांचं धर्मयुद्ध संपवणाऱ्या १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहानंतर ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्यातल्या कॅथलिक बादशहाने सिलेशियातल्या (तेव्हा त्याच्या ताब्यातला, आज बराचसा पोलंडमध्ये असलेला प्रांत) लुथरन लोकांना तीनच नवी चर्चेस बांधू दिली, तीही गावकुसाबाहेर, लाकूड, माती नि पेंढ्याची, मनोरा नाही आणि वर्षभरात काम पूर्ण करायचं! तरी आत मजल्यावर मजले गॅलऱ्या चढवून हजारो माणसांची सोय केली, केवढी जिद्द! त्या तिघांपैकी ग्वोगूफ गावातलं जळालं, पण श्विद्नित्सा आणि यावोर इथली दोन्ही उभी आहेत, २००१ पासून युनेस्कोच्या यादीत. तिथले लुथरन बहुतेक जर्मन होते; दुसऱ्या महायुद्धानंतर हा भाग पोलंडकडे गेला आणि १९४५ नंतर त्या जर्मनांना हाकललं, आज मूठभर पोलिश लुथरन तिथे उपासना चालू ठेवतात, मला तेच सगळ्यात मोलाचं वाटतं.